विश्लेषण : जुन्या गाडीचा अडकलेला स्पार्क प्लग कसा काढायचा? जोर किती लावायचा, हात कधी थांबवायचा?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, धुळीने माखलेल्या कव्हरखाली उभी असलेली मारुती ८०० आजही अनेक घरांत आहे. वडिलांनी हप्ते फेडून घेतलेली, पहिल्यांदा महाबळेश्वर दाखवलेली, आता महिन्यातून दोनदा भाजीबाजारापर्यंत जाणारी. ती विकायची नसते आणि रोज वापरायचीही नसते. मग एक दिवस पीयूसीची मुदत संपते, गाडी बाहेर काढली जाते आणि इंजिन थडथडायला लागते. तपासणीत हायड्रोकार्बनचा आकडा मर्यादेच्या वर जातो. निदान सोपे असते : एक प्लग काम करत नाही. नवे तीन प्लग काही शे रुपयांत येतात, बदलायला अर्धा तास पुरतो. दोन प्लग सहज निघतात. तिसरा हलतच नाही.

इथून पुढची पंधरा मिनिटे महत्त्वाची असतात. पान्याला पाइप लावून एक जोरदार झटका दिला, तर काही शे रुपयांचे काम थेट इंजिनाचे हेड उतरवण्यापर्यंत जाऊ शकते. जुन्या गाडीच्या बाबतीत तो खर्च अनेकदा गाडीच्या किमतीशीच स्पर्धा करतो, आणि मग घरात ‘आता भंगारात देऊन टाका’ ही चर्चा सुरू होते. म्हणूनच अडकलेला प्लग हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

एका प्लगने एवढा फरक का पडतो?

मारुती ८००चे इंजिन ७९६ सीसीचे आणि तीन सिलिंडरचे. ओम्नीत हेच इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेले असते. तीन सिलिंडर, तीन प्लग. त्यातला एक बंद पडला की इंजिनाची एक तृतीयांश ताकद गेली. चार सिलिंडरच्या गाडीत एक प्लग गेला तर गाडी कुरकुरत चालते. ८०० मात्र सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगसकट थरथरते.

ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, तिथले पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जाते. पीयूसी यंत्रावर तेच हायड्रोकार्बन म्हणून दिसते. बीएस-२ आणि बीएस-३ निकषांच्या पेट्रोल गाड्यांना ही मर्यादा ७५० पीपीएम आहे, त्याआधीच्या गाड्यांना १,५००. एक सिलिंडर मुका असेल तर ती पाळणे कठीण होते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत हेच न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो आतून वितळण्याइतका तापू शकतो. त्यामुळे ‘दोन प्लगवर चालतेय ना, चालू दे’ हा उपाय नाही.

प्लग मुळात अडकतो कशामुळे?

प्लगचे बाहेरचे कवच पोलादाचे. तो ज्या हेडमध्ये बसतो ते ॲल्युमिनियमचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओलावा शिरला की त्यांच्यात बॅटरीसारखी रासायनिक क्रिया सुरू होते. यात झिजतो तो ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये साचते आणि तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. म्हणजे आट्यांमधली फट बाहेरून कुणी काही न करता आतूनच भरत जाते. कोकणातली खारी हवा, चार महिने पावसात उघड्यावर उभी गाडी, इंजिन धुताना प्लगच्या खळग्यात साचलेले पाणी, हे सगळे या क्रियेला मदत करते. गंमत अशी की रोज धावणाऱ्या टॅक्सीचा प्लग सहसा इतका अडकत नाही, कारण तिथे तो वरचेवर बदललाही जातो. अडकतो तो जपून ठेवलेल्या गाडीचा.

दुसरे कारण काजळी. प्लगचे आटे ज्वलनकक्षात डोकावत असतील तर त्यांच्यावर काजळीचा कडक थर बसतो. १४ मिमी व्यासाचे प्लग मुख्यतः दोन लांबींचे असतात : आट्यांचा भाग १२.७ मिमी किंवा १९ मिमी. दुकानदाराने ‘हा पण बसतो, साहेब’ म्हणत चुकीच्या लांबीचा दिला तर गोंधळ होतो. जास्त लांब असेल तर त्याचे खालचे आटे आगीत उघडे राहतात. आखूड असेल तर हेडमधले खालचे आटे रिकामे राहून काजळीने भरतात आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग बसवताना वाट अडते. (लांब प्लग पिस्टनवर आपटण्याचाही धोका असतो, पण तो वेगळा विषय.)

तिसरे कारण माणसाचे. मागच्या वेळी कुणीतरी प्लग गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिमी प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. हा आकडा कळायला अवघड वाटतो, म्हणून असे समजा : २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोच्या आसपास जोर. त्याच पान्याला मीटरभर पाइप लावून तोच जोर दिला की पीळ चौपट, १०० न्यूटन-मीटर. हाताला मात्र दोन्ही वेळा सारखेच वाटते. प्लग तुटतात ते या फरकामुळे.

गरम हेडमध्ये गार प्लग बसवणे ही याच प्रकारची चूक. हेड थंड झाले की आकसते आणि प्लगला धरून बसते. रस्त्यात गाडी बंद पडल्यावर घाईत बदललेला प्लग पुढे त्रास देतो, याचे हे एक कारण.

इंजिन गरम असताना काढावा की थंड?

गॅरेजमध्ये यावर दोन पक्ष आहेत आणि दोघांकडेही थोडे सत्य आहे. प्लग बनवणाऱ्या कंपन्यांचा सल्ला स्पष्ट आहे : इंजिन थंड असतानाच काढा. जुने मेकॅनिक म्हणतात, जरा गरम करून घ्या, लगेच सुटतो.

हिशेब करून पाहू. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. तापमान ५० अंशांनी वाढले तर १४ मिमीच्या छिद्रात आणि प्लगमध्ये साधारण ८ मायक्रॉनचा फरक पडतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा. तेवढ्याने आटे मोकळे होत नाहीत, पण साचलेल्या भुकटीचा थर तडकू शकतो आणि तेल आत झिरपायला वाट मिळते. कोमट इंजिनाचा फायदा एवढाच.

खूप तापलेल्या इंजिनात मात्र धोके जास्त. हात भाजतो, फवारलेले तेल एक्झॉस्टच्या पाइपवर पडून पेटू शकते आणि कोरडे, तापलेले आटे एकमेकांना खरवडत धातू ओढून काढतात. त्यामुळे क्रम असा ठेवावा : आधी पूर्ण थंड इंजिनावर प्रयत्न. तेल मुरवूनही सुटला नाही, तर शेवटी कोमट करून. कोमट म्हणजे हेडवर तळहात टेकवून ठेवता येईल इतके. इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटांत बंद केले की साधारण तेवढे होते.

पान्याला हात लावण्याआधी काय करायचे?

या भागाला सगळ्यात कमी वेळ दिला जातो आणि निम्मे नुकसान इथेच होते. बॅटरीची ऋण बाजू काढा. प्लगच्या तिन्ही वायरींना चिकटपट्टी लावून १, २, ३ असे आकडे टाका. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे. वायरी अदलाबदल झाल्या तर प्लग नीट निघूनही गाडी सुरू होणार नाही आणि दोष उगाच दुसरीकडे शोधला जाईल. वायर ओढताना टोकाची रबरी टोपी धरून, थोडी पिळून ओढायची. वायरीला धरून ओढली की आतली तार टोपीतून निसटते.

मग सफाई. प्लगभोवतीच्या खळग्यात वर्षानुवर्षांची वाळू, गंज, वाळलेली पाने असतात. प्लग सुटताच हे सगळे सिलिंडरमध्ये पडणार. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या नळीने ती जागा नीट फुंकून घेतली तर काम होते. गाडी तिथपर्यंत जात नसेल तर रंगाचा बारीक ब्रश आणि सायकलचा पंप. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा. खळग्यातली वाळू सरळ तोंडावर उडते.

अवजारांत फार काही लागत नाही, पण जे लागते ते योग्य हवे. जुन्या धाटणीच्या प्लगला २१ चा पाना लागतो (नेमके माप २०.८ मिमी), नंतरच्या बारीक डोक्याच्या प्लगना १६ चा. गाडीबरोबर येणारा पत्र्याच्या नळीचा टी-पाना रोजच्या कामाला ठीक, अडकलेल्या प्लगला नाही. तो तिरका होतो, त्याचे कोपरे फाकतात. इथे सहा कोनांची, आत रबर असलेली जाड सॉकेट हवी. गॅरेजच्या भाषेत गोटी. बारा कोनांची गोटी प्लगच्या षटकोनाला फक्त टोकांवर धरते आणि घट्ट प्लगवर ती टोके झिजवून गोल करते. डोके गोल झाले की पुढचा मार्ग लांब आणि महाग.

तेल कोणते? डब्ल्यूडी-४० प्रत्येक घरात असते. ते मुळात पाणी दूर सारण्यासाठी १९५३ मध्ये अमेरिकेत बनवले गेले. नावातला ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणे आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. ते गंजलेल्या बिजागरीला चालते, पण खोल आट्यांसाठी ‘पेनिट्रेटिंग ऑइल’ म्हणून वेगळे मिळणारे तेल जास्त आत जाते. काही मेकॅनिक ॲसिटोन आणि गिअरचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल निम्मे-निम्मे मिसळून वापरतात. ते काम करते, पण ॲसिटोन भुर्रकन पेटते आणि रंग उडवते. बंद पार्किंगमध्ये ते टाळलेले बरे.

प्रत्यक्ष प्लग सोडवायचा कसा?

इथे घाईला जागा नाही. पहिला नियम : पाना प्लगच्या रेषेत सरळ. एक हात गोटीच्या डोक्यावर दाबून ठेवायचा, दुसऱ्याने दांडा ओढायचा. दांडा तिरका ओढला की आतले चिनी मातीसारखे दिसणारे पांढरे इन्सुलेटर तडकते.

झटका द्यायचा नाही. दांड्यावर जोर हळूहळू वाढवत न्यायचा आणि काही सेकंद तसाच धरून ठेवायचा. सुटला नाही तर सोडून द्यायचे आणि उलट, म्हणजे आवळण्याच्या दिशेने, अगदी किंचित हलवून पाहायचे. ऐकायला विचित्र वाटते, पण भुकटीचा थर तुटायला दोन्ही दिशांची हालचाल उपयोगी पडते. एखादा ‘टक’ असा कोरडा आवाज आला आणि प्लग जरासा फिरला, तर बहुतेक लोक इथे आनंदाने सरळ काढत सुटतात. नेमके तेच करायचे नाही.

प्लग घड्याळाच्या उलट दिशेने आठवा हिस्सा फिरला की थांबा. आता वॉशरखालची फट उघडली आहे. तिथे तेल सोडा आणि वाट पाहा. किती? निदान अर्धा तास. गाडीची तातडी नसेल तर रात्रभर. तेलाला आट्यांमधून १९ मिमी खाली जायचे आहे आणि वाट केसाहून बारीक आहे. ते कुणाच्या घाईने लवकर जात नाही.

नंतर पुन्हा पाव फेरा सोडा, तेवढाच परत आवळा. पुन्हा तेल. पुन्हा सोडा, यावेळी थोडा जास्त. पुढे-मागे, पुढे-मागे. चाळीसएक मिनिटांत प्लग बाहेर येतो, आणि बहुतेक प्रकरणे इथेच संपतात. लोकांना हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, आणि तो आहेच.

या दरम्यान कान उघडे ठेवायचे. ‘चिर्र’ असा किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे आटे कोरडे घासताहेत. लगेच थांबून मागे फिरवा, तेल घाला. प्लग आधी सैल आला आणि मग फिरवता फिरवता पुन्हा घट्ट होत गेला, तर खालच्या आट्यांवरची काजळी वर ओढली जात आहे. किंवा त्याहून वाईट, ॲल्युमिनियम खरवडून गोळा होत आहे. जोर वाढवायची इच्छा इथेच सगळ्यात जास्त होते. उत्तर मात्र उलटे : प्लग पुन्हा आत फिरवा, तेल द्या, उद्या या.

आणखी एक. टायरवाल्याकडची हवेवर चालणारी गन लावून प्लग काढायचा मोह होतो. चाकाचे नट पोलादावर पोलाद असतात. इथे एका बाजूला मऊ ॲल्युमिनियम आहे. ती गन कुठे थांबायचे हे जाणत नाही.

फोर्डच्या ट्रकमालकांना याने कसे छळले?

अडकलेल्या प्लगचे जगातले सगळ्यात गाजलेले प्रकरण अमेरिकेतले. २००४ ते २००८ दरम्यानच्या फोर्ड एफ-१५० ट्रकमधल्या ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हच्या ट्रायटन इंजिनात लांब, निमुळत्या टोकाचे प्लग वापरले होते. ते दोन तुकडे जोडून बनवलेले. खालच्या लांब नळीभोवती काजळी साचायची, नळी हेडला चिकटायची आणि काढताना प्लगचा वरचा भाग हातात, खालची नळी इंजिनातच, असे व्हायचे. प्लग खूप किलोमीटर टिकणारे होते, म्हणजे मालक वर्षानुवर्षे त्यांना हात लावत नसत. तेवढ्या काळात काजळी सिमेंटसारखी होई.

कंपनीला शेवटी मेकॅनिकांसाठी वेगळे तांत्रिक पत्रक काढावे लागले. त्यातली रीत वर सांगितली त्याच्या जवळची : इंजिन थंड, आधी फक्त आठवा हिस्सा फेरा, मग खळग्यात कार्बोरेटर क्लीनर सोडून मुरू द्यायचे आणि नंतर पुढे-मागे करत काढायचे. तरीही तुटायचे. तुटलेली नळी काढायचे खास अवजार बाजारात आले आणि चांगले खपले.

आपल्याकडच्या ८०० किंवा पद्मिनीचे प्लग असे दोन तुकड्यांचे नाहीत, हे नशीब. पण एक धडा इथेही लागू आहे. आता नव्या गाड्यांत इरिडियमचे प्लग असतात, ते लाखभर किलोमीटर चालतात. तोपर्यंत कुणी ते उघडत नाही. आजची पाच वर्षांची हॅचबॅक उद्या या प्रश्नाची गिऱ्हाईक आहे.

प्लग तुटलाच तर?

तुटण्याचे दोन प्रकार. पहिल्यात वरचा षटकोन आणि इन्सुलेटर हातात येतो, आट्यांचे कडे हेडमध्ये राहते. दुसऱ्यात फक्त पांढरा इन्सुलेटर तुटतो आणि त्याचे तुकडे आत पडायची शक्यता असते.

हा इन्सुलेटर ॲल्युमिनाचा, म्हणजे रासायनिकदृष्ट्या कुरुंदाच्या दगडाचा सख्खा भाऊ. ज्याने धार लावतात तोच पदार्थ. त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा सिलिंडरमध्ये राहिला आणि इंजिन फिरवले तर सिलिंडरची भिंत चिरली जाते. म्हणून काही तुटले की पहिले काम : चावी फिरवायची नाही. ‘एक सेल्फ मारून बघू’ हे वाक्य इथे सगळ्यात महाग पडते.

उरलेले कडे काढायला उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरतात. तो ठोकून बसवतात आणि उलट फिरवला की कड्याला आतून पकडतो. त्याआधी पिस्टन वरच्या टोकाला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशी स्थिती आणतात, म्हणजे जो काही भुगा पडेल तो पिस्टनच्या सपाट माथ्यावर राहतो, व्हॉल्व्हच्या फटीत जात नाही. इंजिन हाताने फिरवायला क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावतात. जुन्या मेकॅनिकांची रीत म्हणजे बाकीचे प्लग काढून, गाडी टॉप गिअरला टाकून ती इंच-इंच ढकलणे. इथे मात्र सिलिंडरमध्ये आधीच तुकडा पडल्याची शंका असेल तर ढकलायचेही नाही. आधी व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी जोडून आत काय आहे ते ओढून घ्यायचे. पेट्रोलची वाफ असताना व्हॅक्यूम लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण, त्यामुळे इंजिन आधी काही तास उघडे राहू द्यायचे.

पन्नासेक रुपयांपासून मोबाइलला जोडायचे लांब कॅमेरे मिळत नाहीत, पण ऑनलाइन जे साधे एंडोस्कोप कॅमेरे विकले जातात त्यांनी पिस्टनचा माथा व्यवस्थित दिसतो. एकदा नजर टाकली की अंदाजाने निर्णय घ्यायची गरज उरत नाही.

आणि आटेच गेले तर?

प्लग बाहेर आला, पण त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत वेटोळी अडकलेली दिसली, तर हेडमधले आटे गेले असे समजायचे. तोच किंवा नवा प्लग तसाच दामटून बसवला तर तो काही दिवस धरतो आणि एखाद्या चढावर दाबाने उडतो. प्लग बंदुकीच्या गोळीसारखा बोनेटला आतून आदळल्याची उदाहरणे मेकॅनिक मंडळी चवीने सांगतात.

दुरुस्ती होते. जुने छिद्र मोठे करून त्यात नवे आटे पाडतात आणि पोलादी तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, बसवतात. किंवा लेथवाल्याकडून भरीव बुश बनवून घेतात. प्लगसाठी बुश जास्त भरवशाचा, कारण तो पुढच्या वेळी प्लगबरोबर बाहेर येण्याची भीती कमी. हेड न उतरवताही हे काम करता येते : टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचे, दोन फेरे फिरवून टॅप बाहेर काढायचा, ग्रीसला चिकटलेला चुरा पुसायचा, पुन्हा भरायचे. अनुभवी हात असेल तर चुरा आत जात नाही. हात नवखा असेल तर हेड उतरवणे बरे. त्यात टायमिंग बेल्ट सुटतो, हेड गॅस्केट नवे लागते, पण सिलिंडर वाचतो.

मग स्वतः करायचे थांबायचे कुठे? प्लग हलतोय आणि आवाज नाही, तोवर घरी करायला हरकत नाही. षटकोनाच्या कडा गोल व्हायला लागल्या, दोन रात्री तेल मुरवूनही आठवा हिस्सा फिरला नाही, किंवा इन्सुलेटर डुगडुगायला लागला, की गाडी आहे तशी ठेवून जाणत्या मेकॅनिकला बोलवावे. अख्खा पण अडकलेला प्लग काढणे आणि अर्धवट तुटलेला काढणे, या दोन कामांच्या मजुरीत मोठा फरक असतो.

नवा प्लग बसवताना ग्रीस लावावे का?

हा वाद कायमचा. इतक्या त्रासानंतर नव्या प्लगच्या आट्यांना कॉपर ग्रीस किंवा अँटी-सीझ फासावेसे वाटणे स्वाभाविक आहे. एनजीकेसारख्या कंपन्या मात्र नको म्हणतात. त्यांच्या प्लगच्या आट्यांवर आधीच गंजरोधक मुलामा असतो. शिवाय वंगण लावले की तोच पीळ देऊनही प्लग जास्त आवळला जातो, कारण घर्षण कमी झालेले असते. कवच ताणले जाते, कधी तुटते.

मुलामा नसलेल्या, काळ्या कवचाच्या प्लगना अँटी-सीझचा उपयोग होतो. लावायचेच असेल तर वरच्या दोन-तीन आट्यांना बोटाच्या टोकाइतके, आणि पीळ साधारण ३० टक्के कमी. साधे बेअरिंगचे ग्रीस कधीच नाही. ते जळून काजळी होते आणि पुढच्या वेळी तीच प्लग धरून ठेवते.

टॉर्क पाना घरात नसतोच. मग प्लग आधी फक्त बोटांनी फिरवून तळापर्यंत न्यायचा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागला आहे, काढून पुन्हा. वायरीची जुनी रबरी टोपी किंवा इंधनाच्या नळीचा तुकडा प्लगच्या टोकावर चढवून फिरवला तर तिरका लागायची भीती राहत नाही, कारण आटे जुळले नाहीत की नळीच घसरते. तळाला टेकल्यावर नवा वॉशरवाला प्लग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तिथे बाराव्या हिश्शाचा फेरा पुरे. म्हणजे घड्याळातला एक तास.

काढलेला प्लग फेकण्याआधी काय पाहायचे?

टोकाचा रंग. फिकट कॉफीसारखा असेल तर तो सिलिंडर ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे किंवा गाडी नुसतीच पार्किंगमध्ये सुरू करून बंद केली जाते. ओला, तेलकट काळा असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजले आहेत आणि नवा प्लगही काही महिन्यांत तसाच होणार. पांढरा, फोड आलेला असेल तर ज्वलनकक्ष गरजेपेक्षा जास्त तापतो आहे. सीएनजी किट लावलेल्या ८०० आणि ओम्नीत हे जरूर पाहावे. गॅसला पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते, म्हणून त्या गाड्यांत प्लगची फट थोडी कमी ठेवतात.

तिन्ही प्लग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मेकॅनिककडे गेल्यावर ‘दुसरा सिलिंडर तेल खातो’ हे सांगायला तो फोटो पुरतो.

हे सगळे कुणासाठी?

पहिली मारुती ८०० १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत ग्राहकाच्या हाती गेली, शेवटची जानेवारी २०१४ मध्ये तयार झाली. मुंबई, पुणे, सोलापूरसह १३ शहरांत तिची विक्री एप्रिल २०१० मध्येच, बीएस-४ निकष आल्यावर थांबली होती. म्हणजे या शहरांत नवी म्हणून विकली गेलेली प्रत्येक ८०० आता पंधरा वर्षांच्या पुढे आहे. फेरनोंदणी, तपासणी, पीयूसी असे सगळे टप्पे तिला पार करायचे असतात. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हटल्या, तरी खासगी पद्मिनी अजून काही जण जिवापाड सांभाळतात. अशा गाड्यांचे हेड नवे मिळत नाही. जुना बाजार पालथा घालावा लागतो, आणि तिथे मिळालेल्या हेडमधले प्लगचे आटे कसे असतील, हे ते उतरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. घेण्याआधी जुना चांगला प्लग खिशात घेऊन जावा आणि प्रत्येक छिद्रात बोटांनी फिरवून पाहावा. शेवटपर्यंत अलगद गेला तरच पैसे काढावेत.